मराठीस न सोडणारे गुरु : डॉ. जॉन विल्सन

पेण व रोहा या बाजूच्या खेड्यांत जे आमचे वाचक राहतात, त्यांनीं शनवार तेली हें नांव निदान वडील माणसांच्या तोंडून ऐकलें असेल. या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. आठवड्याचे सहा दिवस त्यांचा बैल घाण्याभोंवतीं फिरे; पण शुक्रवारीं सूर्य मावळला कीं घाणा थांबे, आणि शनवारीं सूर्य मावळेपर्यंत त्यास कोणी हात लावीत नसे. बोलणें मराठी, वस्त्रें कोंकणांतल्या इतर लोकांसारखीं, आडनांवेंही गांवांवरून पडलेलीं : पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगांवकर. तरी हे लोक मूर्तीपुढें मस्तक लववीत नसत व आपल्या मुलग्यांची सुंता आठव्या दिवशीं करीत. ते आपणांस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेकरें, असें म्हणवीत. फार प्राचीन काळीं नवगांवच्या किनाऱ्याशीं एक तारूं फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांचीं बहुतेक कुटुंबें तिकडे निघून गेलीं. पेण येथें त्यांचें प्रार्थनामंदिर मात्र उभें आहे.

शेंसव्वाशें नव्हे, जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं या लोकांची स्थिति मोठी चमत्कारिक होती. बापजाद्यांची इब्री भाषा ते विसरून गेले होते. एक लहानशी प्रार्थना तेवढी पाठ. पण तिच्या शब्दांचा अर्थ सांगा म्हटलें तर फारच थोडे सांगूं शकत. अशा लोकांस त्यांची हरवलेली भाषा त्यांच्या घरच्या मराठींतून शिकतां यावी म्हणून १८३२ सालीं मुंबईंत एक व्याकरणाचें पुस्तक निघालें. तें लिहिणारा ना इस्राएली होता, ना मराठा. तो स्कॉटलंडांतील एका शेतकरी घराण्यांतला तरुण मिशनरी होता, व त्यास या देशीं येऊन पुरतीं चार वर्षेंही झालीं नव्हतीं. त्याचें नांव जॉन विल्सन.

मुंबईस चौपाटीसमोर त्यांच्या नांवाचें मोठें कॉलेज आहे. त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत आहे कीं विल्सन साहेब म्हणजे इंग्रजीचे शिक्षक. इंग्रजी त्यांनीं शिकविली हें खरें, आणि जन्मभर शिकविली. परंतु ती शिकवितांना मराठीचें बोट त्यांनीं सोडलें नाहीं, व त्यासाठीं आपल्याच पंथांतील थोर पुरुषाहून निराळी वाट धरिली. ही गोष्ट कमी लोकांस ठाऊक आहे, म्हणून हें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे.

विल्सन साहेबांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजीं लॉडर या लहानशा गांवीं झाला. चौदाव्या वर्षीं ते एडिंबरोच्या विद्यापीठांत गेले व धर्मशास्त्राचें शिक्षण पुरें करून १८२८ सालीं त्यांस दीक्षा मिळाली. हिंदुस्थानास निघण्यापूर्वीं त्यांनीं एक लहानसें चरित्र लिहिलें. तें जॉन एलियट यांचें. या गृहस्थांनीं सतराव्या शतकांत अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांची भाषा, जिला तेव्हां लिपि देखील नव्हती, शिकून तींत सबंध पवित्र शास्त्र छापलें होतें. तेवीस वर्षांच्या तरुणानें चरित्रासाठीं हाच मनुष्य निवडला, यावरून त्याच्या मनाचा ओढा कळतो. त्याच वर्षीं मार्गरेट बेन या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. याही मोठ्या विदुषी होत्या.

फेब्रुवारी १८२९ मध्यें हें जोडपें मुंबईस उतरलें. परंतु मुंबईंत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गर्दींत राहून मराठी लवकर येणार नाहीं, म्हणून तीं दोघें स्कॉटिश मिशनच्या कोंकणांतील ठाण्यांवर, बाणकोट व हर्णै येथें, भाषा शिकण्यास गेलीं. मुंबईहून निघालेलें शिडाचें तारूं रेवस, अलिबाग, रेवदंडा व जंजिरा हीं डाव्या हातास ठेवीत दक्षिणेस जाई. रोह्याची कुंडलिका नदी रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते तें मुख याच वाटेवर आहे. पेणचें भात व मीठ अंतोऱ्याच्या बंदरांतून होड्यांनीं मुंबईस येत असे. अलिबागेस तेव्हां अजून आंग्रे सरखेलांचें संस्थान होतें. तें १८४० सालीं खालसा झालें. ज्या किनाऱ्याच्या लोकांसाठीं पुढें त्यांनीं व्याकरण लिहिलें, तो किनारा असा प्रथम तारवांतून त्यांच्या दृष्टीस पडला.

वर्ष संपण्याच्या सुमारास ते मुंबईस परतले तेव्हां मराठींतून उपदेश करूं लागले होते. येथें एक गोष्ट आमच्या कॅटेकिस्ट बंधूंनीं लक्षांत घ्यावी. विल्सन साहेब मराठी पुस्तकांतून शिकले, शास्त्र्यांजवळ शिकले, आणि बाजारांतही शिकले. तिन्ही ठिकाणची मराठी वेगळी. शास्त्र्याजवळची मराठी शेतकऱ्यास कळत नाहीं, व बाजारची मराठी कागदावर लिहिली तर शास्त्री हंसतो. दोन्हींकडे वावरण्यास जें धैर्य लागतें तें त्यांच्या अंगीं होतें.

मार्गरेटबाईंनीं तर मुंबईस येतांच मुलींच्या शाळा काढण्याचा उद्योग आरंभिला. त्या काळीं मुलीनें अक्षर गिरविलें तर ती विधवा होते, अशी समजूत पुष्कळ घरांत होती. दारोदार जाऊन आयांशीं मराठींत बोलावें, त्यांचें भय काढावें, आणि एकेक मुलगी मिळवावी असें तें काम. आज मिळवावी आणि उद्यां ती लग्न होऊन सासरीं जावी! तरीही थोड्याच काळांत अशा अनेक शाळा चालूं लागल्या. मुली बाराखडी शिकत, वाचूं लागत, शिवणकाम शिकत. बाईंची प्रकृति या श्रमानें खचली, आणि १९ एप्रिल १८३५ रोजीं त्या मुंबईंत वारल्या. सहा वर्षें कांहीं महिने एवढाच त्यांचा या देशांतील काळ. मागें राहिलेल्या मुलांपैकीं अँड्र्यू हे पुढें हिमालयांतील प्रवासवर्णनाबद्दल प्रसिद्ध झाले. मुलींच्या शाळांचें काम पुढें चालविण्यास बाईंच्या बहिणी स्कॉटलंडाहून आल्या.

आतां बेने इस्राएलांकडे वळूं. कोंकणांतून मुंबईस कामधंद्यासाठीं आलेलीं यांचीं पुष्कळ कुटुंबें होतीं. कित्येक पलटणींत शिपाई होते. १७९६ सालीं शामुएल यहेज्केल दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें होतें. अमेरिकन मिशनच्या शाळांतून यांची मुलें शिकत व कित्येक पंतोजीही यांच्यांतलेच होते. विल्सन साहेबांस स्वतः इब्री उत्तम येत होती. त्यांनीं पाहिलें कीं हे लोक आपल्या शास्त्राविषयीं अति आदर बाळगतात, पण तें वाचूं शकत नाहींत. मग त्यांस इंग्रजी शिकवून इंग्रजींतून इब्री शिकवावी, ही लांबची वाट न धरितां त्यांनीं मराठींतच इब्रीचें व्याकरण रचिलें. शनवार तेल्याच्या मुलास मराठी येतच होती. त्या आधारावर तो सरळ मोशेच्या पुस्तकापाशीं जाऊन उभा राहिला.

याचें फळ काय झालें तें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. विल्सन साहेबांची आशा अशी होती कीं शास्त्र वाचूं लागल्यावर हे लोक ख्रिस्ताकडे वळतील. तसें वळलेले अगदींच थोडे. बहुतेकांनीं इब्री शिकून घेतली, मराठी भाषांतरें वाचिलीं, शिक्षकांविषयीं कृतज्ञता बाळगिली, आणि आपल्या पूर्वजांच्या धर्मांत पहिल्याहून अधिक दृढ झाले. १८४६ सालीं वल्हांडणाच्या विधीचें त्यांचें पुस्तक मराठी अर्थासह मुंबईंत छापून निघालें. एखादा दुसरा मनुष्य निराश होऊन शाळा बंद करिता. विल्सन साहेबांनीं बेने इस्राएलांच्या शिक्षणासाठीं पैसे मागणारीं पत्रकें म्हातारपणापर्यंत काढिलीं. आमच्या मतें त्यांच्या सर्व कामांत हें काम विशेष आहे, जरी मिशनच्या अहवालांत दाखविण्यासारखे आंकडे त्यांतून निघाले नाहींत.

ज्या १८३२ सालीं हें व्याकरण निघालें, त्याच सालीं विल्सन साहेबांनीं मुंबईंत आंब्रोळी येथें इंग्रजी शाळा उघडली. दोन वर्षांपूर्वीं कलकत्त्यास डॉ. अलेक्झांडर डफ यांनीं अशीच शाळा काढली होती, व तिचा लौकिक सर्व देशभर झाला होता. डफ साहेबांचें म्हणणें असें कीं वरिष्ठ वर्गांतील तरुणांस इंग्रजीच्या द्वारें सर्व विद्या द्याव्या. म्हणजे त्यांच्यापासून ज्ञान खालीं पाझरत जाईल. विल्सन साहेब डफ यांचे स्नेही होते, पण या बाबतींत त्यांनीं आपला मार्ग वेगळा ठेविला. त्यांच्या व्यवस्थेंत खालच्या वर्गांत शिक्षण मातृभाषेंतून असे. इंग्रजी वर येई. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी यांसही शाळेंत जागा होती, आणि संस्कृत व इब्रीसही. जो मुलगा भूगोल व गणित इंग्रजींत शिकला, पण तेंच आपल्या आईस सांगूं शकत नाहीं, त्याची विद्या शाळेच्या उंबऱ्याशींच थांबली, असें या व्यवस्थेचें मर्म आहे.

हा वाद मिशनांपुरता नव्हता. १८४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारच्या शिक्षणमंडळांतही हाच तंटा माजला. सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट मराठीच्या बाजूचे. खेड्यांतील शाळेंत कोणत्या भाषेंत शिकवावें हा प्रश्न मुंबईच्या दालनांत असा भांडला जात होता, आणि पेणच्या किंवा रोह्याच्या शेतकऱ्यास त्याची वार्ताही नव्हती.

शाळा भरभराटीस आली; आणि मग १८३९ सालीं तिच्यावर मोठें संकट आलें. धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी या दोघां पारशी विद्यार्थ्यांनीं त्या वर्षीं मे महिन्यांत बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या पारशी समाजांत वणवा पेटल्यासारखें झालें. धनजीभाई सोळा-सतरा वर्षांचे होते. त्यांच्या नातलगांनीं सुप्रीम कोर्टांतून हेबियस कॉर्पसचा हुकूम आणविला. कोर्टाबाहेर एवढी गर्दी कीं बंदोबस्त ठेवावा लागला. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं मुलास बरेंवाईट समजतें, तर त्यानें इच्छेस येईल तिकडे जावें. आणि तो विल्सन साहेबांबरोबर गेला. दुसऱ्या दिवसापासून बांकें रिकामीं पडलीं. पारशी मुलें तर बहुतेक सर्व गेलीं. हिंदूंनींही आपलीं मुलें काढून नेलीं. मिशन शाळांविरुद्ध सरकाराकडे अर्ज गेले.

या प्रकरणीं आमच्या पुस्तकांतून एकच बाजू लिहिलेली आढळते. धनजीभाई पुढें विल्सन साहेबांबरोबर स्कॉटलंडास गेले, १८४६ सालीं पाळक म्हणून दीक्षित झाले, आणि १९०८ सालीं वारले तोंपर्यंत त्यांनीं निष्ठेनें सेवा केली. त्यांच्या निश्चयाविषयीं शंका नाहीं. परंतु ज्या आईबापांनीं विश्वासानें मुलगा शाळेंत घातला, त्यांचें दुःखही दुःखच होतें. १८४३ सालीं, विल्सन साहेब परदेशीं असतां, नारायण शेषाद्रि यांनीं नेस्बिट साहेबांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आंतबाहेरचा होता. कोर्टानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. आणि मग तो मिशनरींच्या घरीं जेवला म्हणून त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावर ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्या पोराची बाजू घेतली, म्हणून त्यांनाही त्रास सोसावा लागला. शिकविणें व धर्मांतर यांची गांठ पडली म्हणजे तिचा ओढा कोणाच्या घरास बसतो, तें आमच्या खेड्यांतल्या मंडळींस निराळें सांगावयास नको. त्यांतील पुष्कळांनीं तो सोसलेला आहे.

आणखी एक गोष्ट. विल्सन साहेब वादास फार तयार असत. १८३० सालीं मोरभट दांडेकर यांशीं त्यांचा जाहीर वाद झाला; मग मोरभटांच्या पुस्तकास त्यांनीं पुस्तकानें उत्तर दिलें. पारशी धर्मावर १८४३ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. त्यांतली विद्वत्ता कोणीही मान्य करील. पण दुसऱ्याच्या पवित्र वस्तूंविषयीं लिहितांना त्यांची लेखणी कित्येक ठिकाणीं कारणाहून अधिक कठोर झाली आहे, असें आम्हांस वाटतें. नवल हें कीं ज्यांच्याशीं ते असे भांडले तेच शास्त्री व दस्तूर पुढें त्यांच्या घरीं ग्रंथ पाहण्यास व अर्थ विचारण्यास येत.

थंडीच्या दिवसांत शाळेस सुट्टी देऊन ते प्रवासास निघत. १८३५ सालीं गिरनारच्या शिलालेखाची प्रत त्यांनीं काढविली व ती कलकत्त्यास प्रिन्सेप साहेबांकडे पाठविली. प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं अशोकाची ती लिपि उलगडली. त्यापेक्षां आमच्या भागास जवळची गोष्ट अशी कीं उत्तर कोंकणच्या रानांतील वारली व कातकरी यांच्या वस्त्यांवर ते गेले, त्यांच्याशीं बोलले, आणि त्या लोकांविषयीं त्यांनीं लिहिलेला निबंध १८४३ सालीं विलायतेंतील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पुस्तकांत छापून आला. खैराच्या लांकडाचा कात काढून पोट भरणाऱ्या कातकऱ्याची रीतभात व बोली लिहून ठेवण्यासारखी आहे, असें त्या काळीं किती विद्वानांस वाटलें असेल?

१८४३ च्या आरंभीं ते मिसर, सिनाय व पवित्र भूमि या वाटेनें स्वदेशीं जाण्यास निघाले. ते प्रवासांत असतांच स्कॉटलंडची मंडळी दुभंगली. मंडळीचा पाळक कोणीं नेमावा, जमीनदारानें कीं मंडळीनें, या प्रश्नावर चारशेंहून अधिक पाळक आपलीं घरें व पगार सोडून बाहेर पडले व त्यांनीं फ्री चर्च स्थापिलें. मुंबईचे मिशनरी त्यांच्या बाजूस गेले. परिणाम असा झाला कीं शाळेसाठीं बांधीत आणलेली नवी इमारत जुन्या मंडळीकडे राहिली, आणि शिक्षक व विद्यार्थी भाड्याच्या जागेंत आले. १८४७ सालीं विल्सन साहेब परतले ते या स्थितींत. पुनः वर्गण्या, पुनः नवी इमारत. या शाळेंत शिकलेल्यांपैकीं बाबा पदमनजी यांचें नांव आमच्या वाचकांस सांगावयास पाहिजे असें नाहीं. ज्यांच्या घरीं यमुनापर्यटन किंवा अरुणोदय आहे त्यांनीं या शाळेचा अप्रत्यक्ष लाभ घेतलाच आहे.

मराठीविषयींचें त्यांचें प्रेम कोठें पाहावयाचें असेल तर मोल्सवर्थ साहेबांचा कोश उघडावा. १८५७ सालीं त्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. तिच्या आरंभीं मराठी भाषेचे घटक कोणते, ती कोठवर पसरली आहे, व ती कशी चालते यांविषयींचें टिपण विल्सन साहेबांचें आहे. त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. ते त्याचे पहिल्या मंडळींपैकीं सभासद, परीक्षक, आणि १८६८ सालीं व्हाइस-चान्सलर झाले. पुढें या विद्यापीठानें वरच्या परीक्षांतून मराठीस बाजूस सारिलें, व ती परत यावी म्हणून न्यायमूर्ति रानडे यांस पुष्कळ वर्षें झटावें लागलें. एका इमारतींत इंग्रजी व मराठी शेजारीं शेजारीं बसवावयाच्या, ही विल्सन साहेबांची साधी कल्पना मोठ्या विद्यापीठास साधली नाहीं.

१८६९ सालीं त्यांस या देशांत येऊन चाळीस वर्षें झालीं, तेव्हां मुंबईच्या सर्व जातींच्या लोकांनीं मिळून त्यांस थैली अर्पण केली. जे पारशी तीस वर्षांपूर्वीं त्यांच्या नांवानें बोटें मोडीत होते, त्यांचेही लोक त्यांत होते. ती रक्कम भाषाशास्त्रावरील व्याख्यानांसाठीं विद्यापीठाकडे गेली. १८७७ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या प्राकृत भाषा यांवर जीं प्रसिद्ध व्याख्यानें दिलीं तीं याच विल्सन व्याख्यानमालेंतलीं.

१८७० सालीं फ्री चर्चनें त्यांस बोलावून आपल्या महासभेचें मॉडरेटरपद दिलें. त्यांची दुसरी पत्नी इझाबेला १८६७ सालींच वारली होती. स्वदेशीं सन्मानानें राहणें कठीण नव्हतें. परंतु ते मुंबईस परत आले, आणि मलबार टेकडीवरील आपल्या घरीं १ डिसेंबर १८७५ रोजीं मरण पावले. सत्तेचाळीस वर्षें पुरीं होण्यास फारसा काळ उरला नव्हता. कॉलेजास त्यांचें नांव मिळालें. चौपाटीसमोरील इमारत १८८९ सालीं उघडली.

ज्या वर्षीं ते गेले, त्याच १८७५ सालीं मुंबईंत हाईम शामुएल केहीमकर यांच्या पुढाकारानें बेने इस्राएल लोकांनीं आपली स्वतःची शाळा काढिली. अलिबागेजवळच्या किहीम गांवावरून ज्यांचें आडनांव पडलें ते हे गृहस्थ. त्या शाळेंत शनवार तेल्यांच्या नातवांस मराठी, इंग्रजी व इब्री या तिन्ही भाषा शिकवूं लागले.